पाखऱ्याची पाठ

काळुरामने खोगीर दोन्ही हातांनी उचलून पाखऱ्याच्या पाठीवर ठेवलं, तंग आवळला आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. त्याच्या डोळ्यांदेखत खोगीर हळूहळू एका बाजूला कललं आणि घोड्याच्या पोटाखाली जाऊन लोंबलं. पाखऱ्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, शेपटीने एक माशी हाकलली आणि पुन्हा कुडाकडे तोंड करून उभा राहिला.

"जल्ला, यो तर पार वाललाय," काळुराम म्हणाला.

त्याची सून तुळसा उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं, हसू आलं ते पदराआड दाबलं आणि पुन्हा सुपात बघू लागली. त्या घरात कुणी हसून वर्ष लोटलं होतं, त्यामुळे दाबलेलं हसूसुद्धा काळुरामच्या नजरेतून सुटलं नाही. त्याला बरं वाटलं. खोगीर मात्र काही जागेवर आलं नाही.

पाखऱ्या टांग्याचा घोडा. काळुरामचा मुलगा रघु त्याला ठाणे स्टेशनाबाहेरच्या नाक्यावर चालवायचा. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात रघु तापाने गेला. काळुरामने टांगा देऊन टाकला, पण घोडा त्याच्याने देववेना. तेव्हापासून पाखऱ्या कोपरीच्या त्या अंगणात शेवग्याला बांधलेला होता. खायला मिळत होतं, काम नव्हतं. पोट सुटलं आणि बाकीचं अंग आटलं. आयाळीखाली बोट जाईल अशी खोबण पडली, खांद्यामागे खड्डे पडले आणि पाठीचा कणा इतका वर आला की त्यावर धोतर वाळत घालावं. असल्या पाठीवर खोगीर ठरत नाही, आणि ठरलंच तरी वर माणूस बसला की जनावर कळवळतं.

आणि काळुरामला तर त्या पाठीवर नवरदेव बसवायचा होता.

त्याचं असं झालं. कळव्याच्या भिवाने तुळसासाठी विचारणा केली होती. भिवा मिठाच्या होड्या हाकायचा, त्याची बायको बाळंतपणात गेलेली. माणूस शांत, व्यसन विडीपुरतं. काळुरामने घरी येऊन सुनेला हे सांगितलं तेव्हा तो तिच्याशी न बोलता अंगणातल्या मेढीशीच बोलत होता. ती राखेने टोप घासत होती. घासणं थांबलं नाही. टोप फिरवून धरत तिने एवढंच विचारलं,

"रातचं न्याचं?"

"नाय," काळुराम म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं.

कारण विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, रात्रीच लागायचा. गाव झोपलं की चार माणसं येणार, दिवा बारीक करणार, बाईच्या अंगावर नवं लुगडं टाकणार आणि मागच्या दाराने तिला घेऊन जाणार. वाजंत्री नाही, बाशिंग नाही, घोडा नाही. सवाष्णींनी तिचं तोंड बघू नये म्हणून वाटेवरची दारं लागलेली. सकाळी ती घरात नसायची, आणि गाव त्यावर बोलायचं नाही. हे असंच चालत आलेलं होतं आणि कुणालाही त्यात वावगं दिसत नव्हतं. काळुरामला दिसत होतं. का दिसत होतं असं कुणी विचारलं असतं, तर त्याने उत्तराऐवजी तंबाखू मळायला घेतली असती.

एकदा 'नाय' म्हणून गेल्यावर तो हट्टाला पेटला. नुसतं दिवसा न्यायचं नाही, तर नवरदेव घोड्यावर बसून यायला हवा, सगळ्यांच्या समोर, पहिल्या लग्नाला येतो तसा. सून म्हणून आणलेली पोर आपल्या घरातून चोरीच्या मालासारखी जाता कामा नये. भिवा या सगळ्यावर "तुमी बोलाल तसं" एवढंच म्हणाला होता, आणि ते ऐकून काळुरामचा त्याच्यावर जीव बसला. नाक्यावरच्या घोडेवाल्याने मात्र सरळ हात जोडले. पाटाला नेलेला घोडा मग लग्नाला कोण नेणार, असं त्याचं म्हणणं. त्याचंही खोटं नव्हतं. तेव्हा उरला पाखऱ्या.

तिथी काळुरामने चलाखीने काढली. फाल्गुनातली होळीनंतरची अष्टमी. मिठागरात जन्म गेलेल्या माणसाला भरतीचं गणित कुणी शिकवावं लागत नाही. अष्टमीला मध्यरात्री खाडीत नुसता चिखल असतो आणि पाणी भरतं ते उजाडताना. होडीने येणाऱ्या वऱ्हाडाला रात्री येणं जमणारच नाही, याची त्याने अशी सोय करून ठेवली. पाण्यापुढे पंचांचंही काही चालत नाही.

त्याची थोरली बहीण बायजा मिठागरांच्या बांधाच्या अलीकडच्या घरात एकटी राहायची. तिला हे कळलं तशी ती काठी टेकत आली.

"पाटाला घोरा? कुनी सांगितला तुला?"

"कुनी कशाला सांगाया पायजे?"

"लोकं थुकतील तोंडावं."

"थुकू देत. पुसून घेईन."

"मी माजं दार लावून घेईन, कालू. आदीच सांगून ठेवते."

"लाव," काळुराम म्हणाला. बायजा आणखी थोडा वेळ घोड्याकडे बघत उभी राहिली आणि मग आली तशी गेली.

कार्तिक सरायच्या आत काळुराम कामाला लागला. वरातीचे घोडे त्याने पुष्कळ पाहिले होते. मान ताठ, हनुवटी छातीशी, डोकं आभाळात. तेव्हा मान वर राहिली की मान भरेल, असा त्याने सरळ हिशेब केला. लगामाला पट्टा जोडून तो मागे इतका आवळला की पाखऱ्याला रस्ता दिसेनासा झाला, दिसायचे ते फक्त कावळे. हरभऱ्यांचा तोबरासुद्धा शेवग्याच्या फांदीला उंच टांगला, म्हणजे खातानाही मान ताणली जावी. अशा अवतारात तो त्याला रोज स्टेशनापर्यंत पळवत नेई आणि पळवत आणी. बघणारे म्हणत, काय रुबाब आहे. काळुराम मनातून सुखावायचा.

पौषात त्याने एकदा नीट हात फिरवून पाहिलं आणि तो ओट्यावर जाऊन बसला. मान भरली होती, पण खालून. गळ्याच्या बाजूला दांडगी गाठ झाली होती, आणि वर आयाळीखाली खोबण होती तशीच. पाठ तर जास्तच खाली बसलेली. आता खोगीर नुसतं दाखवलं तरी पाखऱ्या कान पाडून चावायला येत होता.

"हरभरं सोसत नसतील," काळुराम म्हणाला.

तुळसा बाजूला गवत टाकत होती. सासऱ्याला उलट बोलायची तिची पद्धत नव्हती, म्हणून ती घोड्याशी बोलावं तशी बोलली.

"भरल्याली होरी चिखलातनं वडताना कुनी मान वर करून वडतंय का?"

"म्हंजे?"

"मान वर केली का पाठ पर्ते खाली. मान खाली सोडून जोर लावला का पाठ वर येते. मानसाचं तसंच हाय. घोऱ्याचं काय येगलं आसंल?"

थोड्या वेळाने काळुराम उठला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ओणवा झाला, मान वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. आपली सून बघते आहे हे लक्षात आल्यावर त्याने जमिनीवरून काहीतरी उचलल्यासारखं केलं. त्याच संध्याकाळी त्याने पट्टा सोडून आढ्याला खोचून ठेवला आणि तोबऱ्यातले हरभरे जमिनीवरच्या पाटीत ओतले. पाखऱ्याने पाटीत तोंड घातलं आणि इतक्या दिवसांचा एक मोठा फुरफुराट सोडला, त्याने निम्मे हरभरे अंगणभर उडाले.

दुसऱ्या दिवसापासून सगळं नव्याने सुरू झालं. सकाळी थंडी मोडायच्या आत दोघं पाखऱ्याला घेऊन जुन्या मिठागरांच्या बांधावर जायची. तुळसा पुढे, हातात सैल दोरी, मागून काळुराम. पळवणं बंद, नुसती चाल. बांध चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. चढावर पाखऱ्या आपोआप नाक जमिनीशी नेई, मान लांब सोडी, आणि मागचे पाय पोटाखाली घालून वर येई. सपाटीला काळुरामने बांबू आडवे टाकून ठेवले होते. ते ओलांडताना घोड्याला पाय उचलून टाकावे लागत आणि पाय बघायला मान खाली न्यावी लागे. मग थोडं मागे चालवायचं, हळू, हाताने छातीला रेटत. शेवटी तुळसा गाजराचा तुकडा घेऊन त्याच्या बरगडीपाशी धरी, आधी या बाजूला, मग त्या बाजूला, आणि पाखऱ्या मान वळवून वळवून तो गाठी. या खेळाची त्याला इतकी गोडी लागली की तो रिकाम्या वेळीही तिच्या पदराला नाक लावून हुंगू लागला.

तरुण विधवा सकाळी बांधावर घोडा फिरवते म्हणून गावात कुजबुज झाली. ती बायजाच्या तोंडून काळुरामपर्यंत आली. त्याने ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी जरा लवकर निघाला, एवढाच काय तो फरक पडला.

फरक घोड्यात मात्र दिसू लागला. खोगीर बसावं म्हणून तुळसाने जुन्या गोधडीच्या घड्या त्याखाली घातल्या होत्या, नाहीतर ते हाडावर घासलं असतं. पाठ भरेल तशी ती एकेक घडी काढून घ्यायची. घडी काढली की काळुराम खोगिराखाली हात सारून बघायचा आणि काही न बोलता मान हलवायचा. त्या दिवशी त्याला भाकरी जास्त जायची.

चालता चालता बोलणंही होऊ लागलं. सासरा आणि सून या दोघांत बोलण्यासारखं असतंच काय, असं आजवर दोघांनाही वाटत आलेलं. पण घोडा मधे असला की बोलता येतं. घोड्याकडे बघत बोलायचं, घोड्याकडे बघत ऐकायचं.

"ते पन याला आसंच आनायचे, सुट्टीच्या दिसाला," तुळसा एकदा म्हणाली. ते म्हणजे रघु. "दोरी सोडून. नाक्यावं तेवढी मान बांधायचे, गिऱ्हाइकांना बरा दिसतो म्हनून. घरा आयले का याची माफी मागायचे."

"घोऱ्याची?"

"हा. कानात तोंड घालून."

काळुरामने पाखऱ्याच्या कानाकडे बघितलं. "मना कदी बोलला नाय," तो म्हणाला.

"तुमच्याशी कोन कवा बोलतं, मामा."

तिने हे इतकं सहज म्हटलं की त्याला राग आलाच नाही. तो हसला, आणि हसताना त्याचे डोळे भरून आले. मुलगा गेल्यापासून तो मुलाबद्दल पहिल्यांदाच काहीतरी नवीन ऐकत होता. मेलेल्या माणसाबद्दलही अजून नवीन काही कळू शकतं, याचं त्याला नवल वाटलं.

माघ संपत आला तेव्हा खोगिराखाली शेवटची एकच घडी उरली होती. आयाळीखालची खोबण भरून मान कमानदार झाली होती. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस धरलं होतं, आणि त्यावर तळहात ठेवला तर तो आता सपाट टेकत होता. आणि नेमका तेव्हाच काळुरामचा गुडघा दुखू लागला. सकाळ झाली की तो ओट्यावर पाय लांब करून बसे. पाखऱ्या शेवग्याशी खुर आपटी. आज राहू दे, उद्या बघू, असं करता करता पाच-सहा दिवस गेले.

एका सकाळी तुळसाने त्याला काही न विचारता दोरी सोडली आणि ती एकटीच घोड्याला घेऊन गेली. काळुराम अंगणातून बघत राहिला. बांधावर ती दोघं चढताना दिसली, उतरताना दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली. पोरीला जायची घाई झालीय, असं त्याच्या मनात आलं, आणि आपणच ठरवलेल्या गोष्टीचं आपल्याला वाईट का वाटावं हे त्याला कळेना.

ती परत आली, घोडा बांधला आणि हात धुता धुता म्हणाली,

"मामा, तुमचा गुडगा चालताना दुकतोय, का घोरा सोडताना दुकतोय?"

काळुरामने पाय आखडून घेतला. खोटं बोलायला त्याला चटकन काही सुचलं नाही.

"याची पाठ भरली का तू जाशील," तो म्हणाला.

"हा."

"मंग घरात मी नि यो."

तुळसा हात पुसत त्याच्यापासून थोड्या अंतरावर खाली बसली. "मना काय जावंसं वाटतंय आसं नाय," ती म्हणाली. "पन र्‍हावंसं पन वाटत नाय. आनि एक सांगते. ते गेल्यावं मना झोप लागत नव्हती. कुनीतरी रातचं यील नि मना उठवून नेल, आसं वाटायचं. तुमी 'नाय' बोललाव ना, त्या दिसापासनं झोप लागते. म्हनून याला फिरवते मी. तुमचा शब्द खाली परू नये म्हनून."

काळुराम उठला. बांबू नीट रचून ठेवावेत म्हणून तो तसाच बांधाकडे चालू लागला, आणि अर्ध्या वाटेवर त्याच्या ध्यानात आलं की लंगडायचं राहून गेलं आहे.

अष्टमीला उजाडताना खाडी काठोकाठ भरली. भिवाची होडी कोपरीच्या धक्क्याला लागली तेव्हा काळुराम पाखऱ्याला घेऊन तिथेच उभा होता. घोड्याला घासूनपुसून धुतलं होतं, आयाळ विंचरून तेलाचा हात फिरवला होता, कपाळावर झेंडूची माळ होती. खोगीर थेट पाठीवरच घट्ट बसलं होतं, खाली एकही घडी नव्हती. होडीतून भिवा उतरला. धुतलेला कोट, डोक्याला पांढरा रुमाल. त्याच्यामागे त्याचे दोन भाऊबंद आणि एक म्हातारा. त्यांच्या चेहऱ्यांवरून त्यांनी वाटेत पुष्कळ वाद घातलेला दिसत होता.

भिवा घोड्यापाशी आला. त्याने मानेवरून हात फिरवला, पाठीवर तळहात टेकवून बघितला. कामाची पारख असलेला माणूस होता तो.

"लय मेहनत घेतलीव," तो म्हणाला.

"बस," काळुराम म्हणाला.

भिवाने रिकिबीला हात लावला आणि काढून घेतला. "मी नाय बसत, काका."

चार महिने काळुरामने हे होईल ते होईल असे सगळे विचार केले होते, पण हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. तो नुसता बघत राहिला. मागचा म्हातारा हायसं वाटून खाकरला.

"आसं नका बघू," भिवा म्हणाला. तो बोलायला फार सरावलेला नव्हता, शब्द शोधत होता. "मी पयल्या लगनाला बसलेलो घोऱ्यावं. गावानी बगितला मना. पाटाला पन नवरा काय लपूनछपून जात नाय. आंधारात न्यातात ती बाईला. मंग मना वर बसवून काय उपेग? तिला बसवा."

खाकरणाऱ्या म्हाताऱ्याचा घसा एकदम मोकळा झाला आणि तो तक्रार करू लागला, पण भिवाने मागे वळून बघितलं नाही. तो पाखऱ्याच्या पुढे होऊन चालू लागला आणि घराकडची वाट धरली. काळुराम दोरी धरून त्याच्यामागून गेला. त्याच्या मनात आता भीतीही होती आणि आनंदही होता, आणि दोन्हींत अंतर राहिलं नव्हतं.

घरातले विधी थोडक्यात आटपले. तुळसाला काळुरामने घोड्यावर बसायला सांगितलं तेव्हा ती आधी नको म्हणाली. मग तिने भिवाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता, पण त्याने आपला हात पायरीसारखा जुळवून पुढे धरला होता. त्यावर पाय ठेवून ती चढली. पाखऱ्या जागचा हलला नाही. वजन पाठीवर आलं तशी त्याची पाठ खाली गेली नाही, उलट किंचित वर आली. काळुरामने ते पाहिलं, आणि आजूबाजूला सांगायला आपलं कुणी आहे का म्हणून बघितलं.

पुढच्या दाराने निघाले. सकाळचं ऊन आळीत उतरलं होतं. काळुराम दोरी धरून पुढे, वर तुळसा, बाजूला भिवा, मागे त्याची माणसं. आणि वाटेवरची दारं लागू लागली. एक लागलं, त्याच्या पुढचं लागलं. आतून कड्या सरकल्याचे आवाज येत होते. पाणी भरणाऱ्या बाया घागरी तिथेच ठेवून आत गेल्या. तुळसा आयाळीवर नजर लावून बसली होती. दिवस असून रात्रीसारखीच शांतता पसरली होती, आणि आपण हे काय करून बसलो असं काळुरामला वाटू लागलं. रात्री निदान तिला ही दारं दिसली नसती.

बांधाच्या अलीकडे शेवटचं घर बायजाचं. त्याचं दार सकाळपासून बंद होतं. काळुरामने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते पुढे येताच दाराची कडी वाजली आणि दार उघडलं. बायजा बाहेर आली. धुवट लुगडं, हातात काठी. ती सरळ वाटेच्या मधोमध येऊन उभी राहिली. पाखऱ्या थांबला. मागची माणसं थांबली.

"बाय, आता भांडू नको," काळुराम हळू म्हणाला.

बायजाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती घोड्यापाशी आली, मान वर करून तुळसाकडे बघत राहिली.

"तोंड वर कर, पोरी. बगू दे."

तुळसाने तोंड वर केलं. ऊन थेट तिच्या चेहऱ्यावर पडलं. म्हातारीने तिला पोटभर बघितलं, आणि मग तिच्याकडेच बघत ती भावाशी बोलली.

"मना नेली तवा तू झोपलेलास, कालू."

काळुरामच्या हातातली दोरी सैल पडली. "हा," तो म्हणाला.

"आयस बोलली, सकाली उठून सगल्या गावात मना सोदलास. हिरीत पन वाकून बगितलास."

तेव्हा काळुराम बायजाच्या कमरेएवढा होता. तिच्या कुशीत झोपलेला आणि उठला तर अंथरूण रिकामं. ती पाटाने भाईंदरकडे गेली होती, आणि दुसराही नवरा वारल्यावर म्हातारपणी परत आली होती. या सगळ्या वर्षांत दोघा भावंडांत ती सकाळ कधीही निघाली नव्हती.

"तुला उठवून सांगाचं व्हतं माज्या मनात," बायजा म्हणाली. "नाय उठवू दिला कुनी."

मग तिने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि हात पुढे केला.

"दे ती दोरी हिकरं. भरती उतरल. तू जा तिच्या बाजूला, तिला दिसशील आसा चाल."

काळुरामने दोरी दिली. बायजाने ती सैल धरली आणि बांधाचा चढ लागला तसा पाखऱ्याने मान खाली सोडली. त्याची पाठ भरून वर आली आणि तुळसाला घेऊन तो चढू लागला. धक्क्यापर्यंतची वाट काही लांब नव्हती. काळुराम तिला दिसेल असा तिच्या बाजूने चालत राहिला.